कस्टम्सच्या कचेरीतून क्यूपर्यंत : निकोल डाल्झेलचं करिअर आणि आपलं

संशोधनात यायचं ठरवलेले ज्युनियर भेटले की एक प्रश्न हमखास येतो. सेट झालेली असते, एम.एस्सी.ला मार्क बरे असतात, विषयही डोक्यात असतो. तरी आवाज जरा खाली आणून विचारतात, "ताई, कुणाची ओळख नसेल तर पीएचडीला घेतात का हो?"

पूर्वी मी "घेतात, घेतात, घाबरू नका" असं सांगून मोकळी व्हायचे. ते उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. ओळखीशिवाय विज्ञानात काही होत नाही हे खरंच आहे. फक्त 'ओळख' म्हणजे आपल्याला वाटतो तो वशिला नव्हे. ती कशी बनते, तिच्यातून काय मिळतं आणि तिच्यात कोण मागे राहतं, हे समजून घ्यायला मला एका जुन्या माणसाची फार मदत झाली. त्याचं नाव निकोल अलेक्झांडर डाल्झेल. १८४१ मध्ये तो मुंबईत आला आणि नोकरीला लागला कस्टम्समध्ये.

सह्याद्रीतल्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला हे नाव टाळता येत नाही. श्रावण-भाद्रपदात कासला किंवा कुठल्याही सड्यावर पिवळ्या फुलांचा कवला फुलतो, हल्ली लोक त्याला 'मिकी माऊस' म्हणतात. त्यातल्या एका जातीचं शास्त्रीय नाव स्मिथिया हिरसुटा डाल्झेल. दुसरी स्मिथिया सेट्युलोसा डाल्झेल. कोकणातला देखणा तेरडा, इम्पेशन्स पुल्चेरिमा डाल्झेल. शास्त्रीय नावाच्या शेवटी जे आडनाव येतं ते त्या वनस्पतीचं पहिलं रीतसर वर्णन छापणाऱ्याचं असतं. म्हणजे हा कस्टम्सवाला आपल्या पठारांवर जागोजागी सही करून गेलाय.

पदवी चुकीची, नोकरीही चुकीची

डाल्झेलचा जन्म १८१७ चा, एडिंबरोचा. शिक्षण तिथलंच. १८३७ मध्ये एम.ए. झाला, धर्मशास्त्र शिकला. त्या काळात हिंदुस्थानात वनस्पतिशास्त्र कोण करत होतं ते बघा, म्हणजे यात काय अडचण होती ते कळेल. कलकत्त्याचे रॉक्सबर्ग आणि वॉलिच, मद्रासचा रॉबर्ट वाइट, मुंबईचा अलेक्झांडर गिब्सन, सिंधमधला स्टॉक्स हे सगळे कंपनीचे डॉक्टर. औषधं झाडपाल्यातून यायची, त्यामुळे वनस्पतिशास्त्र हा डॉक्टरी शिक्षणाचाच भाग होता. कंपनीला कुठे बाग चालवायला, कुठे औषधांची तपासणी करायला माणूस लागला की ती जागा डॉक्टरकडे जायची. वनस्पतिशास्त्राचा पगार मिळण्याचा रस्ता तोच होता.

डाल्झेलकडे ती पदवी नव्हती. तो कस्टम्सचा असिस्टंट कमिशनर झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर 'रेलेव्हंट डिग्री' नाही आणि 'रेलेव्हंट एक्स्पीरियन्स'ही नाही.

पण मुंबईत तो असा एकटाच नव्हता. इथे एक वेगळीच परंपरा आधीपासून होती. १८३९ मध्ये 'मुंबई व परिसरातल्या वनस्पतींची यादी' छापली गेली, ती जॉन ग्रॅहमची. ग्रॅहम कोण, तर मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. पावसाळ्यात आपल्याकडे जी रानहळद फुलते, तिच्या कुर्कुमा स्यूडोमोंटाना या नावापुढे आजही ग्रॅहमचं नाव लागतं. ती यादी छापून होत होती तेव्हाच, मे १८३९ मध्ये, ग्रॅहम खंडाळ्याला वारला. तेव्हा साधारण दोनशे पानं छापून झाली होती. उरलेलं काम जोसेफ निम्मो या त्याच्या मित्राने पूर्ण केलं. गवतांच्या भागात जे. एस. लॉ या मुलकी अधिकाऱ्याची मदत होती.

या एका पुस्तकातच नेटवर्क कसं असतं ते दिसतं. पोस्टातला एक माणूस, मुलकी खात्यातला एक, शहरातला एक मित्र. कुणाचंही पोट वनस्पतिशास्त्रावर चालत नव्हतं. तरी एक माणूस मध्येच गेला तेव्हा काम थांबलं नाही, कारण ते आधीच एकट्याचं राहिलं नव्हतं. ग्रॅहम गेल्यानंतर दोन वर्षांनी डाल्झेल मुंबईत उतरला. म्हणजे तो आला तेव्हा मंडळी आधीच जमलेली होती.

क्यूला काय हवं होतं?

आता थोडं तांत्रिक, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समजा १८४५ साली तुम्हाला कोकणात एक अनोळखी झुडूप सापडलं. ते नवीन आहे हे तुम्ही कशावरून म्हणणार? त्यासाठी त्याआधी वर्णन झालेल्या सगळ्या जवळच्या जाती माहीत हव्यात. ती वर्णनं युरोपात छापलेल्या पुस्तकांत आणि नियतकालिकांत विखुरलेली. मूळ वाळवलेले नमुने लंडन, पॅरिस, लायडनच्या हर्बेरियममध्ये. मुंबईत बसून याची खात्री करणं जवळजवळ अशक्य.

उलट बाजूने बघा. लंडनजवळच्या क्यू उद्यानाचा संचालक विल्यम हूकर. १८४१ मध्ये, म्हणजे डाल्झेल मुंबईत आला त्याच वर्षी, तो क्यूला आला. त्याच्याकडे पुस्तकं होती, नमुने होते, नियतकालिक होतं. सह्याद्री मात्र नव्हता. आंबोलीचा पाऊस, खंडाळ्याचे कडे, ऑगस्टमध्ये आठ दिवस फुलून जाणारी फुलं, यातलं काहीच त्याला लंडनमधून गोळा करता येणार नव्हतं.

म्हणजे दोघांकडे अर्धं अर्धं होतं. देवाणघेवाण त्यातून उभी राहिली. एकाच झाडाचे तीन-चार नमुने दाबून वाळवायचे, प्रत्येकावर तोच क्रमांक लिहायचा. एक आपल्याकडे ठेवायचा, बाकीचे पाठवायचे. तिकडचा तज्ज्ञ क्रमांक सांगून कळवणार की अमुक क्रमांकाचं झाड हे, अमुक नवीन वाटतं. क्यूला नमुना मिळाला, तुम्हाला ओळख पटवून मिळाली, आणि दोघांकडे एकाच झाडाचा पुरावा राहिला. आजही हर्बेरियममध्ये असंच चालतं.

हे सगळं फार सावकाश चालायचं. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. त्याआधी टपाल बोटीने इजिप्तपर्यंत, तिथून जमिनीवरून, मग पुन्हा बोटीने जायचं. प्रश्न विचारून उत्तर हातात पडेपर्यंत महिने जायचे आणि तोवर फुलांचा हंगाम संपलेला असायचा. गाईडने आठ दिवस मेलला उत्तर दिलं नाही की आपण हवालदिल होतो, म्हणून हे सांगितलं.

डाल्झेलने या व्यवस्थेत एक गोष्ट जास्तीची केली. तो नुसते नमुने पाठवून थांबला नाही, वर्णनंही स्वतः लिहू लागला. हूकरच्या नियतकालिकात १८५० ते १८५२ या काळात 'पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतिशास्त्रात भर' अशा अर्थाच्या शीर्षकाची त्याची लेखमाला आली. हप्त्याहप्त्याने, एकामागून एक नव्या जाती. शास्त्रीय वर्णन तेव्हा लॅटिनमध्ये लिहायची रीत होती. (लॅटिनची सक्ती पुढे नियमातही आली आणि २०१२ पासून इंग्रजी चालू लागलं.) एम.ए. आणि धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाला लॅटिन जड नव्हतं. जी पदवी निरुपयोगी वाटत होती, तिच्यातली एक गोष्ट अशी कामाला आली.

नमुना पाठवणारा आणि वर्णन लिहिणारा यांच्यात मोठं अंतर असतं. पहिल्याला 'कलेक्टर' म्हणतात, दुसऱ्याला 'ऑथर'. पहिल्याचं नाव लेबलवर राहतं, दुसऱ्याचं वनस्पतीच्या नावाला कायमचं चिकटतं. डाल्झेलने हे अंतर दहा वर्षांत पार केलं.

नावं वाचायला शिका

जुन्या काळातल्या ओळखी शोधायच्या तर पत्रव्यवहार हवा, असं वाटतं. वनस्पतिशास्त्रात एक सोपी वाट आहे. शास्त्रीय नावाच्या शेवटी 'आय' लागलेला असेल तर बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी सन्मानार्थ दिलेलं असतं. लॅटिनमधली ती षष्ठी. लॉवी म्हणजे 'लॉची', डाल्झेली म्हणजे 'डाल्झेलची'.

आता बघा. कोरांटीची एक जात बार्लेरिया गिब्सोनी, नाव दिलं डाल्झेलने. बार्लेरिया लॉवी आणि बार्लेरिया स्टॉक्सी, ही नावं दिली टी. अँडरसनने. तेरड्यांमध्ये इम्पेशन्स डाल्झेली आणि इम्पेशन्स लॉवी, दोन्ही नावं हूकरचा मुलगा जोसेफ आणि त्याचा सहकारी थॉमस थॉमसन यांनी दिली. मद्रासच्या वाइटने तर डाल्झेलिया अशी अख्खी प्रजातीच डाल्झेलच्या नावे केली. ही वाहत्या ओढ्यातल्या खडकांना चिकटून वाढणारी विलक्षण वनस्पती. (मराठी पाठ्यपुस्तकांत स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती, तसंच इथे वापरतेय.)

कागदावर ही नावं मांडून त्यांच्यामध्ये बाण काढले की मुंबई, मद्रास, कलकत्ता, क्यू असा नकाशा तयार होतो. आपल्या थिसिसमध्ये आभाराचं पान असतं ना, तसंच हे, फक्त ते पठारांवर पसरलंय.

यात गिब्सनचं नाव नीट लक्षात ठेवा. तो डॉक्टर, १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा अधीक्षक आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. डाल्झेलपेक्षा सतरा वर्षांनी मोठा. जंगलांच्या कामात डाल्झेल पुढे त्याच्याच वाटेने गेला. आजच्या भाषेत गिब्सन त्याचा गाईड, तोही कागदोपत्री नेमलेला नव्हे.

१८६१ मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात 'द बॉम्बे फ्लोरा' छापला गेला. मुखपृष्ठावर नावं दोन, आधी डाल्झेल आणि मग गिब्सन. वयाने, हुद्द्याने मोठा माणूस दुसरा. पहिल्या नावाची किंमत काय असते हे ज्यांनी एखाद्या पेपरवर काम केलंय त्यांना सांगायला नको.

आशा कधी फळते, कधी नाही

गिब्सन १८६० मध्ये निवृत्त झाला. १८६२ च्या सुमारास डाल्झेल वनखात्यात आला, आधी सिंधमध्ये आणि मग गिब्सनच्याच जागी, मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून. मुंबईत आल्यापासून जवळजवळ वीस वर्षांनी त्याची नोकरी आणि त्याचा विषय एक झाले. १८७० मध्ये तो प्रकृती खालावल्यामुळे निवृत्त झाला. म्हणजे आवडीच्या कामाचा पगार मिळाला तो आठ-एक वर्षंच.

ही गोष्ट 'चिकाटी ठेवा, यश मिळतंच' अशी सांगता येईल. मी तशी सांगणार नाही, कारण स्टॉक्स आहे.

जॉन एलर्टन स्टॉक्स. डॉक्टर, म्हणजे पदवी योग्य. सिंधमध्ये देवी टोचणीचं काम करता करता प्रचंड संग्रह केलेला. गिब्सनच्या गैरहजेरीत वनसंरक्षकाचं कामही पाहिलेला. १८५३ मध्ये तो रजेवर इंग्लंडला गेला, क्यूमध्ये बसून आपले नमुने लावायला. सगळ्या गोष्टी जुळून आलेल्या, फक्त लिहायचं बाकी होतं. ऑगस्ट १८५४ मध्ये तो वारला. चाळिशीही गाठली नव्हती.

डाल्झेल आणि स्टॉक्स यांच्यात हुशारीचा फरक शोधायला जाऊ नका. पण एक फरक कामाच्या पद्धतीचा आहे आणि तो आपल्या हातातला आहे. डाल्झेल हाती आलेलं थोडं थोडं छापत गेला. तो १८५२ मध्ये गेला असता तरी त्याच्या जाती राहिल्या असत्या. सगळं एकदाच मोठं, पूर्ण लिहायचं म्हणून डेटा ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यांनी हे एकदा मनात घोळवावं. मीही त्यातलीच आहे.

गव्हर्नरच्या नावाचं फूल

आता जुन्नरला जाऊ. आमच्या आंबिवलीहून हे लांब नाही. कल्याणला जायचं, तिथून मुरबाड-माळशेजमार्गे एसटी. घाट चढला की जुन्नर तालुका. कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारा नाणेघाट सातवाहनांपासूनचा, तेव्हा हा रस्ता आपल्याकडच्या लोकांना दोन हजार वर्षांपासून पाठ आहे.

जुन्नरच्या डोंगरात, शिवनेरीच्या कड्यावर, 'शिंदळ माकुडी' नावाची वनस्पती आहे. दगडाच्या फटीत वाढणारी, मांसल खोडाची. तिच्या जवळच्या नात्यातल्या वनस्पतींना नीट पानं नसतात, हिला असतात. उन्हाळ्यात ती पानं गळतात आणि नुसती खोडं उरतात. फूल तांबूस-किरमिजी चांदणीसारखं, त्यावर पिवळे ठिपके. जगात फक्त आपल्याच भागात आढळणारी आणि अत्यंत दुर्मिळ. डाल्झेलने हिच्यासाठी नवी प्रजाती केली आणि लंडनच्या लिनियन सोसायटीच्या जर्नलमध्ये तिचं नाव जाहीर केलं : फ्रेरिया इंडिका.

हा 'फ्रेर' वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. सर बार्टल फ्रियर, १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर. लेख १८६०च्या दशकाच्या मध्यातला, म्हणजे फ्रियर खुर्चीत असतानाचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हटलं, "अच्छा, मस्का!" मग तारखा नीट लावल्या. नाव दिलं तेव्हा डाल्झेल वनखात्यात आलेला होता. म्हणजे नोकरीसाठी लाच असा सरळ हिशोब बसत नाही. पण वनसंरक्षकाला जंगल राखायला पैसे, माणसं, अधिकार कोण देणार? गव्हर्नर. जंगलतोडीने पाऊसपाण्यावर काय परिणाम होतो यावर डाल्झेल लिहीत होता. ते ऐकणारा माणूस वर बसलेला असणं ही त्याच्या कामाची गरज होती. ज्ञानाचं नेटवर्क आणि सत्तेचं नेटवर्क तेव्हा एकच होतं. आता ते वेगळं आहे असं छातीठोकपणे कुणी म्हणणार असेल तर त्याने फंडिंग एजन्सीचे आभार मानणाऱ्या ओळी परत वाचाव्यात.

पुढे काही वर्गीकरणांत फ्रेरिया ही प्रजातीच मोडीत निघाली. ही वनस्पती दुसऱ्या प्रजातींत टाकली गेली आणि गव्हर्नरसाहेब जातीच्या नावात जाऊन बसले. कड्याखालच्या गावांत ती शिंदळ माकुडीच राहिली.

ज्यांची नावं 'आय' लागून आली नाहीत

हा मला छळणारा भाग.

ग्रॅहमच्या यादीत वनस्पतींची स्थानिक नावंही आहेत. ती काही पोस्टाच्या कचेरीत उगवलेली नाहीत. कुणीतरी झाडाकडे बोट दाखवून नाव सांगितलं म्हणून ती छापली गेली. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वैदू, माळी, बंगल्यावरचे शिपाई यांच्यापैकी कुणी ना कुणी. पुस्तकात नाव झाडाचं आलं, सांगणाऱ्याचं नाही.

दापोडीच्या उद्यानात गिब्सनने एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, त्यांवर देखणं पुस्तकही निघालंय. पाकळीची शीर न् शीर दिसते. चित्रकार इथलाच, पण त्याचं नाव चित्रांवर नाही. गिब्सनचं नाव आहे, बागेचं आहे, वनस्पतींची आहेत.

जिथे शिक्षण मिळालं तिथे चित्र थोडं बदललं. डॉ. सखाराम अर्जुन यांचा जन्म १८३९ चा, ग्रॅहमची यादी छापली त्याच वर्षीचा. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, तिथे वनस्पतिशास्त्र शिकवलं, १८७९ मध्ये मुंबईतल्या औषधी द्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत दोन हिंदी माणसं होती : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. (रखमाबाईंचे सावत्र वडील ते हेच.) दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये कडेला उभं राहण्याऐवजी ते नव्या संस्थेच्या पायाभरणीतच होते. हाही एक रस्ता असतो. गाव लहान असलं, कॉलेज लहान असलं तरी चार जण जमवून सुरू करता येतो.

आणि मग सोनघंटा. शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. आंबा घाटात एन. बी. रानडे यांना सापडलेली, घंटेसारखी लोंबणारी फुलं असलेली, आजही दुर्मिळ. रानडे पुण्यात जी. मार्शल वुड्रो यांच्या हाताखाली काम करत. नमुना रानडेंकडून वुड्रोकडे, वुड्रोकडून क्यूच्या ऑटो स्टाफकडे गेला. म्हणजे वाट तीच, डाल्झेलची. १८९४ मध्ये वुड्रो आणि स्टाफ यांनी नाव जाहीर केलं आणि त्यात रानडे आले. वुड्रो ते नाव गाळू शकला असता, कुणी जाबही विचारला नसता. त्याने लिहिलं म्हणून आज आपल्याला एक रानडे माहीत आहेत. लिहिलं नाही असे किती गेले, याची मोजदाद करणारं हर्बेरियम नाही.

माझं एक लेबल

इथे माझी चूक सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी जुन्नर भागात फील्डला गेले होते. गवताची एक जात तीन दिवस शोधत होते, सापडेना. चहाच्या टपरीवर गुरं राखणारे एक मामा भेटले. मोबाइलवरचा फोटो बघून म्हणाले, "हे व्हय? चला." तासाभरात मी त्या गवतात उभी होते. शिवाय ते गुरं कधी खातात, कधी तोंड लावत नाहीत, तेही त्यांनी सांगितलं.

रात्री लेबल लिहिलं. ठिकाण, उंची, तारीख, माती, सोबतच्या वनस्पती आणि कलेक्टर म्हणून माझं नाव. मामांचं नाव मी विचारलंही नव्हतं.

दीड वर्षाने दापोडीच्या चित्रांबद्दल वाचताना मी त्या निनावी चित्रकारासाठी हळहळत होते आणि एकदम ते लेबल आठवलं. फार वाईट वाटलं. गिब्सनला नावं ठेवायला मी कोण?

पुढच्या फेरीत ती टपरी शोधली, मामा भेटले, नाव विचारलं, लिहू का विचारलं. हर्बेरियममध्ये जुनं लेबल फाडायचं नसतं, शेजारी नवी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतात. ती लावली. पेपरच्या आभारातही नाव जाणार आहे. उशिरा झालं, पण झालं.

तर, ओळख नसेल तर घेतात का?

डाल्झेलच्या गोष्टीतून मी स्वतःसाठी काढलेलं हे उत्तर.

एक, मागण्याआधी काहीतरी पाठवा. "सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएचडी करायची आहे" हा मेल त्यांना रोज येतो. "आपल्या अमुक पेपरमध्ये ठाणे जिल्ह्याची नोंद नाही, मला काळू नदीकाठी ही जात दिसली, फोटो आणि तारीख जोडलीय" हा मेल क्वचित येतो. हूकरला सह्याद्री हवा होता. तुमच्या गाईडला काय हवंय आणि त्यातलं तुमच्याकडे काय आहे, हे आधी शोधा.

दोन, आहे त्या नोकरीतून सुरुवात करा. क्लास घेत असाल, कंपनीत क्यूसीला असाल, तरी रविवार तुमचा आहे. पोस्टवाल्याने यादी केली, कस्टम्सवाल्याने फ्लोरा लिहिला.

तीन, लहान लहान छापा. मोठ्याची वाट बघत बसू नका.

चार, ज्याने दाखवलं त्याचं नाव त्याच रात्री लिहा. आज तुम्ही प्रोजेक्ट असिस्टंट असाल आणि तुमचं नाव कुणी गाळेल तेव्हा ते किती लागतं हे कळेल. उद्या लेबल लिहिणारे तुम्ही असाल.

शेवटी एक अभ्यास. या आठवड्यात घराजवळची कुठलीही एक रानवनस्पती घ्या. तिच्या शास्त्रीय नावापुढचं आडनाव बघा. आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूचीच्या वेबसाइटवर ते नाव कधी आणि कुठे छापलं ते सापडतं. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत ते मूळ पान बहुतेक वेळा फुकट वाचायला मिळतं. क्यूच्या ऑनलाइन संग्रहात नमुन्याचा फोटो मिळाला तर लेबल मोठं करून वाचा. कुणी गोळा केलं, कुणी ओळखलं, कुणी नाव दिलं, हे तीन रकाने भरा. चौथा रकाना करा : वाट कुणी दाखवली? तो बहुधा रिकामाच राहील. तुमच्या स्वतःच्या वहीत तो रिकामा राहू देऊ नका.